मानवी प्रतिष्ठेची व्याख्याच नाही, मग तिचा कोर्टात उपयोग काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मानवी हक्कांचा जवळपास कुठलाही आंतरराष्ट्रीय करार उघडला की उद्देशिकेतच ‘मानवी प्रतिष्ठा’ भेटते, पण तिची व्याख्या एकाही करारात सापडत नाही. तुमचे सीनिअर म्हणतात, हा शब्द भाषणापुरता ठीक आहे, अर्जात लिहू नकोस, कोर्ट लगेच ‘कलम कुठलं?’ म्हणून विचारेल. मग हा कायदा आहे की नुसती शोभा?

कायदा आहे. मी बरीच वर्षं कोठडी आणि कारागृहाच्या प्रकरणांत उभा राहतो आहे. त्या कामातून माझं जे मत बनलं ते आधीच सांगतो. हक्कांचे बहुतेक वाद तराजूत जातात. एका पारड्यात व्यक्तीचं स्वातंत्र्य, दुसऱ्यात सुव्यवस्था, आरोग्य, इतरांचे हक्क. भाषण, सभा, संचार, खासगीपणासुद्धा असाच तोलला जातो. प्रतिष्ठेचं काम याच्या उलट आहे. काही गोष्टी या तराजूत घालायच्याच नाहीत, असं ती सांगते. माणूस पूर्णपणे दुसऱ्याच्या ताब्यात असताना त्याच्याशी काय करायचं नाही, हे ती ठरवते. तुमच्या प्रकरणात हे काम असेल तर शब्द जरूर वापरा. नसेल तर तुमचे सीनिअर बरोबर सांगत आहेत.

व्याख्या का नाही, ते आधी बघू. 1945 साली सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद झाली. तिच्या उद्देशिकेत मानवी व्यक्तीची प्रतिष्ठा आणि मोल यांवरची श्रद्धा नोंदवली आहे. या उद्देशिकेचा मूळ मसुदा दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स यांचा. त्याच काळात त्यांच्या देशात काळ्या माणसाला पास जवळ बाळगल्याशिवाय शहरात फिरायची सोय नव्हती. तीन वर्षांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर चर्चा चालू असताना पहिल्या कलमातल्या ‘प्रतिष्ठा’ या शब्दाला आक्षेप घेतला तोही दक्षिण आफ्रिकेच्याच प्रतिनिधीने. प्रतिष्ठा हा काही हक्क नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांची भूमिका अशी होती की माणसाला मुळात हक्क का आहेत हे सांगण्यासाठीच तो शब्द तिथे ठेवला आहे. मला हे उत्तर आजही पुरेसं वाटतं. 10 डिसेंबर 1948 ला पॅरिसमध्ये जाहीरनामा 48 विरुद्ध 0 मतांनी मंजूर झाला. 8 देश तटस्थ राहिले आणि त्यांत दक्षिण आफ्रिका होता. शब्द पोकळ असता तर वर्णभेदावर चालणाऱ्या सरकारला तो एवढा खुपला नसता.

मसुदा करणाऱ्यांत लेबनॉनचे चार्ल्स मलिक ख्रिस्ती तत्त्वज्ञानातून आलेले होते, चीनचे पी. सी. चांग कन्फ्यूशियसचे दाखले द्यायचे, फ्रान्सचे रने कासँ हाडाचे कायदेपंडित, आणि समोर सोव्हिएत गट बसलेला. माणसाला प्रतिष्ठा कशामुळे आहे, देवामुळे, निसर्गामुळे की बुद्धीमुळे, यावर या मंडळींचं एकमत होणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी कारण लिहायचं सोडून दिलं आणि निष्कर्ष तेवढा लिहिला: सगळी माणसं जन्मतःच स्वतंत्र आणि प्रतिष्ठा व हक्क यांबाबत समान आहेत. या वाक्यात ‘ऑल मेन’ जाऊन ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ आलं ते भारताच्या हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. मुंबईतून संविधान सभेवर गेलेल्या आणि स्वातंत्र्याच्या रात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने सभेला राष्ट्रध्वज देणाऱ्या याच त्या. तेव्हा व्याख्या नसणं ही मसुदा करणाऱ्यांची चूक समजू नका. व्याख्या केली असती तर त्या व्याख्येत न बसणाऱ्या माणसांना बाहेर काढायची पळवाट सरकारांना आयती मिळाली असती.

हा शब्द आपण बाहेरून उसना आणला असं कुणी म्हणालं तर एक तारीख लक्षात ठेवा. डॉ. आंबेडकरांच्या मसुदा समितीने फेब्रुवारी 1948 मध्ये संविधानाचा मसुदा सादर केला. नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावात नसलेली बंधुता समितीने उद्देशिकेत घातली. तिच्याशी जोडून व्यक्तीची प्रतिष्ठा आणली आणि ती राष्ट्राच्या एकतेच्या आधी ठेवली. जाहीरनामा मंजूर झाला तो त्यानंतर दहा महिन्यांनी.

आता सीनिअरांच्या ‘कलम कुठलं?’ या प्रश्नाकडे येऊ. 1966 च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराचं कलम 10(1). स्वातंत्र्य हिरावून घेतलेल्या प्रत्येक माणसाला माणुसकीने आणि त्याच्या अंगभूत प्रतिष्ठेचा आदर राखून वागवलं पाहिजे, असं त्यात लिहिलं आहे. हे उद्देशिकेत नाही, कराराच्या गाभ्यात आहे आणि बंधनकारक आहे. भारत 10 एप्रिल 1979 पासून या कराराचा पक्ष आहे. कलम 7 छळाला आणि क्रूर, अमानुष, अपमानास्पद वागणुकीला बंदी करतं. पण ‘छळ’ सिद्ध करायचा उंबरठा उंच असतो. कलम 10 तिथपर्यंत न पोचलेल्या गोष्टींनाही लागतं: कोंदट बराक, अंघोळीला पाणी नसणं, सगळ्यांसमोर कपडे उतरवून घेतलेली झडती. या करारावर देखरेख ठेवणाऱ्या मानवी हक्क समितीने 1992 च्या आपल्या 21 व्या सर्वसाधारण टिप्पणीत याच कलमाबद्दल स्पष्ट लिहिलं आहे की त्याची अंमलबजावणी देशाकडे पैसा किती आहे यावर अवलंबून ठेवता येणार नाही. कारागृहाच्या कुठल्याही अर्जात सरकारचं म्हणणं आलं की त्यात ‘निधीअभावी’ हा शब्द असतोच. त्याला उत्तर म्हणून हा परिच्छेद जोडत जा.

शब्दाने निकाल कसा फिरतो हे बघायचं तर युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचं बूयिद विरुद्ध बेल्जियम हे प्रकरण मुळातून वाचा. ब्रसेल्समध्ये पोलीस ठाण्याशेजारी राहणारे दोन भाऊ. डिसेंबर 2003 मध्ये धाकटा, वय 17, घराच्या दाराशी उभा असताना साध्या वेशातल्या पोलिसांनी ओळखपत्र मागितलं. आधी तुमचं दाखवा, असं तो म्हणाला. त्याला ठाण्यात नेलं आणि तिथे एक थप्पड बसली. फेब्रुवारी 2004 मध्ये थोरल्याला चौकशीला बोलावलं, त्यालाही एक थप्पड. हाड मोडलं नाही की रक्त आलं नाही. दोघांनी त्याच दिवशी डॉक्टरचा दाखला घेतला. बेल्जियमच्या कोर्टांत काही हाती लागलं नाही. 2013 मध्ये युरोपीय न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या खंडपीठानेही एकमताने सांगितलं की अशी एखादी थप्पड, तीही रागाच्या भरात मारलेली, छळाला आणि अपमानास्पद वागणुकीला बंदी करणाऱ्या युरोपीय कराराच्या कलम 3 ला लागणाऱ्या किमान गांभीर्यापर्यंत पोचत नाही.

28 सप्टेंबर 2015 ला त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने हा निकाल 14 विरुद्ध 3 मतांनी फिरवला. गंमत म्हणा की मर्म म्हणा, ज्या युरोपीय कराराखाली हा निकाल झाला त्याच्या मूळ मजकुरात ‘प्रतिष्ठा’ हा शब्दच नाही. न्यायालयाने तो जाहीरनाम्यातून आणि इतर करारांतून आणला, आणि म्हटलं की माणूस पोलिसांच्या ताब्यात असताना, त्याच्या वागण्यामुळे गरज पडली नसताना वापरलेलं शारीरिक बळ त्याची प्रतिष्ठा कमी करतं आणि तत्त्वतः कलम 3 चा भंग करतं. थप्पड चेहऱ्यावर बसते, आणि माणसाची ओळख चेहऱ्यात असते. अपमान झाला असं इतर कुणाला वाटलं नाही आणि ज्याला मारलं त्याच्या स्वतःच्या नजरेत झाला, तरी तेवढं पुरतं. प्रश्न जखमेचा राहिला असता तर हे भाऊ हरलेच होते.

मी ज्या कोर्टांत काम करतो तिथे थप्पड हा विषयच मानत नाहीत. रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेट विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ शेजारी तेच पोलीस उभे असतात. आरोपी मान हलवतो आणि रोजनाम्यात ‘तक्रार नाही’ अशी नोंद पडते. अंगावर वळ नसतील तर पुढे काही होत नाही. म्हणून हे प्रकरण मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ज्युनिअरला वाचायला लावतो.

तराजूतून बाहेर काढणं म्हणजे काय याची सगळ्यात कठीण कसोटी गेफगेन विरुद्ध जर्मनी या प्रकरणात लागली. 2002 साली फ्रँकफर्टमध्ये 11 वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं. खंडणी घेणारा तरुण पकडला गेला, पण मुलगा कुठे आहे ते सांगेना. पोलीस उपप्रमुखाने हुकूम दिला की त्याला वेदना देण्याची धमकी द्या, आणि तशी नोंद स्वतःच फाइलमध्ये केली. धमकी मिळताच तो बोलला. मुलगा त्याआधीच मारला गेला होता. अपहरणकर्त्याला जन्मठेप झाली, आणि धमकी देणाऱ्या पोलिसांवरही खटला होऊन ते दोषी ठरले. दंड मात्र नाममात्र, तोही स्थगित. 1 जून 2010 ला युरोपीय न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सांगितलं की एका मुलाचा जीव वाचवायचा होता हे मान्य केलं तरी ही वागणूक कलम 3 चा भंगच आहे, आणि पोलिसांना झालेली शिक्षा इतकी किरकोळ की तिने त्या भंगाची भरपाई होत नाही.

हा निकाल शिकवताना वर्गात दर वेळी कुणीतरी विचारतं, ‘सर, तुमचा मुलगा असता तर?’ प्रश्न खरा आहे, तो टाळू नये. बाप म्हणून मी काय केलं असतं ते मी कायद्यावर सोपवणार नाही. पण सरकारला ही मुभा एकदा दिली की कुणाच्या बाबतीत वापरायची ते ठाण्यातला माणूस ठरवणार, आणि बहुतेक वेळा समोर खरा अपहरणकर्ता नसून नुसता संशयित असणार. कोठड्यांमध्ये दिसणारी माणसं कोणत्या वस्त्यांमधून येतात हे ज्याने पाहिलं आहे त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्याकडे हेच काम बेड्यांच्या प्रकरणात झालं. तिहारमधल्या एका कच्च्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना तार केली की कोर्टात नेता-आणताना आम्हाला बळेच बेड्या घालतात. त्यावरून 29 एप्रिल 1980 ला प्रेम शंकर शुक्ला प्रकरणाचा निकाल आला. न्या. कृष्णा अय्यर यांनी जाहीरनाम्याचं कलम 5 आणि नागरी हक्कांच्या कराराचं कलम 10 उद्धृत केलं. भारत करारात सामील होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं. निकालातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. तेव्हाच्या पोलीस नियमांत ‘बेटर क्लास’ कैद्यांना बेड्यांतून सूट होती. म्हणजे ज्यांची सामाजिक पत, शिक्षण, राहणीमान वरचं, त्यांना बेडी नाही आणि हमालाला, मजुराला आहे. न्यायालयाने हा भेद रद्द केला. धोका असेल तरच बेडी, तीही कारणं लेखी नोंदवून आणि कोर्टाला दाखवून. प्रतिष्ठा ही पत असेल तर ती काहींनाच मिळणार. माणूस असण्यातून आलेली असेल तर ती हमालालाही तेवढीच आहे. आंतरराष्ट्रीय कायद्याने 1948 साली यातला दुसरा अर्थ निवडला, आणि तो भारतीय कारागृहाच्या दारात पोचायला एका कैद्याची तार लागली.

तरी बेड्या गेल्या नाहीत. माझ्या एका अशिलाला, कच्चा कैदी, चोरीचा आरोप, शस्त्रक्रियेसाठी सरकारी रुग्णालयात ठेवलं होतं. डाव्या हाताची बेडी कॉटच्या लोखंडी दांडीला. उजव्या हाताला सलाइन. जेवण त्याची बायको भरवायची, ती नसेल तेव्हा ताट तसंच पडून राहायचं. लघवीला जायचं तर बंदोबस्ताच्या शिपायाला विनवायचं, आणि शिपाई चहाला गेला असेल तर दाबून धरायचं. मी जामिनाची वाट न बघता फक्त बेडीसाठी स्वतंत्र अर्ज केला. त्यात तो निर्दोष असल्याचा एक शब्दही नव्हता. पोलिसांनी ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, दाखल केला: बंदोबस्ताला मनुष्यबळ कमी आहे. मी 1980 चा निकाल, कलम 10 आणि कैद्यांच्या वागणुकीबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांतला 47 ते 49 हा बंधनसाधनांचा भाग जोडला. माणसं कमी आहेत म्हणून आजारी माणसाला दांडीला बांधता येत नाही, एवढंच म्हणणं होतं. मॅजिस्ट्रेटनी अर्ज मंजूर केला आणि त्याच संध्याकाळी बेडी निघाली. जामीन पुढे बऱ्याच उशिरा झाला.

यात आता एक नवी अडचण आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43(3) मध्ये सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, संघटित गुन्हेगारी, खून, बलात्कार वगैरे ठरावीक बाबतींत बेडी घालायची परवानगी पोलिसांना दिली आहे. सरकारी वकील हे कलम दाखवून 1980 चा निकाल संपला असं म्हणतात. माझ्या मते ते चूक आहे. कलमात ‘घालू शकेल’ असं आहे, ‘घालावी’ असं नाही, आणि जीवित व स्वातंत्र्याचा हक्क देणारं संविधानाचं कलम 21 कुठल्याही संहितेच्या वर आहे. कारणं नोंदवली का, हा प्रश्न यादीतल्या गुन्ह्यांतही विचारा. यादीबाहेरच्या गुन्ह्यात तर अटकेच्या वेळी किंवा कोर्टात आणताना घातलेल्या बेडीला या कलमाचाही आधार उरत नाही.

इथवर मी प्रतिष्ठेची बाजू मांडली. पण हाच शब्द सरकारच्या हातात गेला की काय होतं तेही बघा, कारण तुमचे सीनिअर ज्याला बिचकतात त्याचं मूळ इथे असावं. फ्रान्समध्ये मान्युएल वाकेनहाइम नावाचे ठेंगणे गृहस्थ डिस्कोत एक खेळ करायचे. संरक्षक पोशाख घातलेल्या त्यांना प्रेक्षक गादीवर फेकत. एका गावच्या महापौरांनी खेळावर बंदी घातली, आणि 1995 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मानवी प्रतिष्ठेच्या नावाने ती उचलून धरली. वाकेनहाइम मानवी हक्क समितीकडे गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं: मला दुसरं काम मिळत नाही, आणि माझी प्रतिष्ठा हाताला काम असण्यात आहे. 2002 मध्ये समितीने बंदी भेदभावाची नाही असं सांगून त्यांची तक्रार फेटाळली. मला हा निकाल पटत नाही. तो खेळ मलाही बघवला नसता. पण ज्याची प्रतिष्ठा राखायची त्याचंच म्हणणं बाजूला सारून, त्याची रोजी काढून घेऊन ती राखली असं कसं म्हणायचं?

महाराष्ट्राने हा अनुभव घेतला आहे. 2005 मध्ये सरकारने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्सबार बंद केले. स्त्रियांच्या प्रतिष्ठेसाठी, असं सांगितलं गेलं. पण तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट ठेवली. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ही बंदी रद्द केली, 16 जुलै 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं आणि बंदीने त्या बायकांचं भलं होण्याऐवजी कितीतरी जणी बेकार झाल्या, काहींना देहविक्रयाकडे वळावं लागलं याची नोंद घेतली. मग 2016 मध्ये नवा कायदा आला. त्याच्या तर नावातच तिथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचं संरक्षण होतं. जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या अनेक अटी काढल्या. सीसीटीव्हीची सक्ती गेली ती खासगीपणाच्या मुद्द्यावर. बेड्यांच्या नियमातला ‘बेटर क्लास’ आणि इथली तारांकित हॉटेलांची सूट शेजारी ठेवून बघा, दोन्हीकडे वरच्या थराला वेगळा हिशेब आहे.

म्हणून मी स्वतःसाठी एक नियम केला आहे. सरकार एखाद्याच्या अंगावर, कोठडीत, जगण्यात काही करतं आहे आणि तो माणूस ‘थांबवा’ म्हणतो आहे, तिथे मी प्रतिष्ठा मांडतो. सरकार एखाद्या सज्ञान माणसाला ‘तुझ्याच प्रतिष्ठेसाठी तू हे करू नकोस’ म्हणतं, तिथे मी आधी त्या माणसाला विचारतो. गटारात उतरणाऱ्या कामगाराचा प्रश्न या दुसऱ्या प्रकारातला नाही, हे आवर्जून सांगतो, कारण ही गल्लत हल्ली वारंवार केली जाते. तो काम ‘निवडत’ नाही. जातीने आणि पोटाने त्याला तिथे ढकललेलं असतं. 20 ऑक्टोबर 2023 च्या बलराम सिंह निकालाने गटारातल्या मृत्यूची भरपाई 30 लाख केली. 3 ऑक्टोबर 2024 ला सुकन्या शांता प्रकरणात अनेक राज्यांच्या कारागृह नियमावलींतली जातवार कामवाटणी रद्द झाली. प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क कैद्यालाही आहे, हा त्या निकालाचा पाया आहे.

आता प्रत्यक्ष अर्जाचं. ‘मानवी प्रतिष्ठेचा भंग झाला’ असं नुसतं वाक्य लिहू नका, तिथे सीनिअरांचं ऐका. आधी घटना लिहा: कुणी, कुठे, किती वेळ, कुणासमोर, आणि त्यावेळी त्या माणसाला काय करता येत नव्हतं. मग संविधानाचं कलम 21 आणि 1981 चा फ्रान्सिस कोरॅली मलिन निकाल, ज्याने जगण्याच्या हक्कात प्रतिष्ठेने जगणं घातलं. त्यानंतर नागरी हक्कांच्या कराराचं कलम 10. भारताने छळविरोधी करारावर 1997 मध्ये सही केली पण तो अजून अनुसमर्थित केलेला नाही, त्यामुळे त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. नागरी हक्कांच्या कराराचा ऐच्छिक प्रोटोकॉलही आपण स्वीकारलेला नाही, म्हणजे वाकेनहाइमसारखं थेट समितीकडे जाता येत नाही. भरपाई मागत असाल तर कोठडीतल्या छळाबद्दलचा डी. के. बसू निकाल जोडा. नागरी हक्कांच्या कराराच्या कलम 9 ला भारताने घेतलेली भरपाईबाबतची हरकत आता निरर्थक झाली आहे, असं 1996 मध्ये त्यात म्हटलं आहे.

आणि कोर्टाने ‘प्रतिष्ठा कुठल्या कायद्यात आहे?’ असं विचारलंच, तर मानवी हक्क संरक्षण कायदा, 1993 चं कलम 2(1)(ड) वाचून दाखवा. मानवी हक्कांची जी व्याख्या आपल्या संसदेने केली तिच्यात जीवित, स्वातंत्र्य, समता आणि व्यक्तीची प्रतिष्ठा हे चार शब्द एका ओळीत आहेत, आणि संविधानाबरोबर आंतरराष्ट्रीय करारांचाही उल्लेख आहे. याच कायद्याखाली राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येतं, फक्त कलम 36(2) मुळे घटनेपासून एक वर्षाच्या आत. तारीख उलटली तर बाकी सगळं बरोबर असूनही अर्ज परत येतो, तेव्हा अशील भेटायला आला की पहिल्याच दिवशी घटनेची तारीख आणि डॉक्टरचा कागद मागून घ्या.